नदीचं पाणी तपासायचं किट वर्षभर वापरलं: पेटी ठीक आहे, अ‍ॅपमधल्या आकड्यावर मात्र जाऊ नका

शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी कुणी नदीचं पाणी तपासायचं किट घ्यायच्या विचारात असेल तर घ्यायच्या आधी हे वाचा, लांब झालंय पण अर्धवट सांगून उपयोग नाही. मी शिरोळ तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते, आमची शाळा पंचगंगेपासून चालत दहा मिनिटांवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या पोरांना घेऊन दर महिन्याला नदीचं पाणी तपासायचं असं ठरवलं आणि ऑनलाइन एक किट मागवलं. सुटकेससारखी निळी पेटी, साडेतीन हजारांच्या आसपास पडली, त्यातले दोन हजार शाळेनं दिले आणि बाकीचे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून घातले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझी तक्रार पेटीपेक्षा पेटीसोबत येणाऱ्या अ‍ॅपबद्दल जास्त आहे आणि तीच चूक दुसऱ्या कुठल्याही किटात असू शकते, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं.

आधी हे सगळं कशासाठी ते सांगते. कोल्हापूरकडच्या माणसाला माहितीच आहे, पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न असतो की राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी, हे शाळेतल्या लहान पोरांनाही पाठ असतं. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर आम्ही अंगावर घेतलाय, त्यामुळे त्या फुटांवरून जनावरं कधी सोडायची, धान्य माळ्यावर कधी चढवायचं, पाहुण्यांकडे कधी निघायचं हे सगळं ठरतं. आकडा एकच पण अख्खं गाव त्यावर हलतं. आणि हीच नदी मार्च-एप्रिलमध्ये जलपर्णी पांघरून पडलेली असते, वास मारत असते, मासे मरून काठाला लागतात, तेव्हा मात्र कुणाकडेच आकडा नसतो. "पाणी लई घाण झालंय" एवढंच. किती घाण, गेल्या महिन्यापेक्षा जास्त का कमी, गेल्या वर्षी या दिवसांत कसं होतं, काहीच सांगता येत नाही. मला पोरांच्या हातात फुटांसारखाच एक आकडा द्यायचा होता, की बाबांनो हा बघा, हा वर गेला की नदी सुधारली आणि खाली आला की बिघडली. असा आकडा असतो, त्याला जल गुणवत्ता निर्देशांक म्हणतात, आणि पेटीवर मोठ्या अक्षरात तेच लिहिलेलं: नदी, तळे, विहीर, सगळ्यांचा निर्देशांक एका मिनिटात मोबाइलवर. म्हणून तीच घेतली.

पेटीतल्या वस्तूंबद्दल आधी चांगलं बोलते कारण चांगलं आहेच. पीएच, क्षारता, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फ्लोराइड, क्लोरीन एवढ्या टेस्ट, प्रत्येकीची छोटी बाटली आणि रंग जुळवायचं कार्ड. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतीच्या बायकांना जे किट शिकवलं जातं ना, साधारण तसंच. आमच्या गावच्या जलसुरक्षकाकडे ते होतं त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही. बाटल्यांची टोपणं घट्ट आहेत, प्रवासात गळत नाहीत, रंगांचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद असल्याने ओल्या हाताने धरलं तरी चालतं. शंभर टेस्टचं रसायन लिहिलंय, आमचं त्याहून थोडं कमी भरलं पण पोरं दोन थेंब सांडणारच. सोबत एक टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन आहे आणि गढूळपणा बघायची लांब नळी, तिच्या तळाशी काळी फुली, वरून बघत पाणी ओतत जायचं आणि फुली दिसेनाशी झाली की थांबून पट्टी वाचायची. पोरांना सगळ्यात जास्त ती नळी आवडली, तिच्यासाठी भांडणं व्हायची. पेटीला पाच पैकी साडेतीन स्टार माझ्याकडून.

आता अ‍ॅप.

दिसायला झकास आहे. सहा-सात रीडिंग भरायची, बटण दाबायचं, गोल घड्याळासारखं काहीतरी फिरतं आणि शंभरपैकी आकडा येतो, हिरवा असला तर खाली "उत्तम" लिहून येतं. नोव्हेंबरमध्ये ८० च्या पुढे आला, डिसेंबर-जानेवारीत पण तसाच. फेब्रुवारीत पाण्याला वास यायला लागला होता तरी हिरवाच. मला तेव्हाच खटकलं होतं पण म्हटलं आपण चार महिन्यांचे, कंपनीवाले शिकलेले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला घाटावर गेलो, सात पोरं आणि मी. पाण्यावर काळपट तवंग आणि घाटाच्या शेवटच्या पायरीशी मासे, बारके-मोठे सगळे, उभेच्या उभे तरंगल्यासारखे, तोंड पाण्याच्या बाहेर काढून उघडझाप करत होते. हात लावला तरी पळत नव्हते. एक मोठा मासा कडेला येऊन पायरीला घासत होता, त्याचे कल्ले इतक्या जोरात चालले होते की बाजूच्या पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. जाळं टाकणारे एक मामा तिथंच बसलेले, ते म्हणाले, "बाई, मासं वर तोंड काढाय लागलं की वळखायचं, पाण्यात दम ऱ्हायला न्हाई. दुपारपातूर निम्मं मरत्यात बघा." पोरांनी मुकाट्याने टेस्ट केल्या. पीएच ७.४, टीडीएस तीनशेच्या आत, कठीणपणा बरा, नायट्रेट कमी. अ‍ॅपमध्ये भरलं. ७८ आला, हिरवा, "उत्तम". नववीतल्या एका मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, मग हे मरायलेत कशानं?" मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही आणि ते अजून मनाला लागून आहे.

घरी आल्यावर त्या अ‍ॅपच्या मदतीच्या पानावर बारीक अक्षरात शोधलं तेव्हा कळलं की त्यांचा निर्देशांक पिण्याच्या पाण्याच्या निकषांवर बेतलेला आहे. कठीणपणा, क्षार, क्लोराइड, नायट्रेट. म्हणजे बोअरच्या पाण्याला योग्य. त्यात विरघळलेला ऑक्सिजन नाही, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाल्ला जातो ते) नाही, जंतू नाहीत. नदीत सांडपाणी मिसळलं की सगळ्यात आधी जे बिघडतं तेच नेमकं त्यात नाही! कस्टमर केअरला फोन केला, बोलणारा मुलगा नीट बोलला, म्हणाला मॅडम ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे, नदीचं फक्त अंदाजे बघायला. मग पेटीवर नदीचा फोटो आणि नदी हा शब्द कशाला छापता, एवढंच मी विचारलं, त्यावर वरती कळवतो म्हणाला, पुढे काही झालं नाही. अ‍ॅपला शून्य स्टार देते मी, कारण नसलेला आकडा परवडला पण मासे मरत असताना हिरवा दाखवणारा आकडा घातक आहे. उद्या कुणी तोच स्क्रीनशॉट दाखवून म्हणेल बघा नदी उत्तम आहे.

त्यानंतर मी या निर्देशांकाच्या मागे लागले, एप्रिल-मे सगळा त्यात गेला. थोडक्यात सांगते कारण किट घेताना हे माहीत असलं की फसायला होत नाही. असा निर्देशांक पहिल्यांदा १९६५ मध्ये अमेरिकेत हॉर्टन नावाच्या माणसानं मांडला, मग १९७० मध्ये तिथल्या नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशनच्या मदतीनं ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४२ तज्ज्ञांना प्रश्नावल्या पाठवून त्यांच्या मतांवरून नऊ गोष्टी ठरवल्या आणि प्रत्येकीला वजन दिलं, म्हणजे शेवटच्या आकड्यात तिचा वाटा किती ते ठरवलं. सगळ्यात जास्त वजन ऑक्सिजनला, ०.१७, त्याखालोखाल फिकल कॉलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, ०.१६. टोटल सॉलिड्स, म्हणजे आपलं टीडीएसचं पेन साधारण जे मोजतं त्याच्या जवळचं, ते सगळ्यात शेवटी, ०.०७. आणि आपल्याकडे पाण्याची परीक्षा म्हटलं की प्रत्येक जण आधी टीडीएसचं पेन बुडवतो, आरओ विकणाऱ्यांनी ती सवय लावलीय.

आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ते नऊवरून चारवर आणलं: ऑक्सिजन ०.३१, फिकल कॉलिफॉर्म ०.२८, पीएच ०.२२ आणि बीओडी ०.१९. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हेच वापरतं आणि त्यांच्या साइटवर राज्यातल्या नद्यांचे महिन्यागणिक आकडे टाकतं, पंचगंगेचे पण आहेत. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, फुकट आहे, जरूर बघा. ६३ च्या वर असेल तर चांगलं ते उत्तम, ५० ते ६३ मध्यम ते चांगलं, ३८ ते ५० वाईट, ३८ च्या खाली वाईट ते अतिवाईट. मी मागच्या काही वर्षांचे आकडे काढून पोरांकडून आलेख काढून घेतले, पावसाळ्यात रेघ वर आणि उन्हाळ्यात खाली. ही सेवा म्हणून बघितली तर माझ्याकडून चार स्टार. एक स्टार कमी एवढ्यासाठीच की महिन्यातून एकदाचा नमुना आहे, आणि आमचे मासे एका सकाळीत मेले. दोन नमुन्यांच्या मधे जे घडतं ते त्यात येत नाही, आणि ते टिपायचं असेल तर काठावरच्या माणसानंच मोजलं पाहिजे, म्हणूनच किटचा एवढा खटाटोप.

तर मग ऑक्सिजनचं वेगळं किट घेतलं, मत्स्यशेतीवाले वापरतात ते, तेराशेला मिळालं. पद्धत जुनीच आहे, विंकलरची, १८८८ पासूनची, आणि खरं सांगते, इतकी सुंदर टेस्ट मी शाळेत दुसरी केलेली नाही. काचेची छोटी बाटली पाण्याच्या आत बुडवूनच भरायची, एकही बुडबुडा आत राहता कामा नये, बादलीतून ओतली तर ओतताना हवा मिसळते आणि रीडिंग फुगतं. मग मँगनीजचं द्रावण आठ थेंब, अल्कली आयोडाइडचं आठ थेंब, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर आत ताकाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ तयार होतो, जितका ऑक्सिजन जास्त तितका गडद. नंतर आम्ल घातलं की गाळ विरघळून चहासारखा पिवळा-तांबूस रंग येतो, स्टार्चचे दोन थेंब टाकले की निळा-काळा, आणि मग थायोसल्फेटचे थेंब मोजत टाकायचे, निळा जाऊन पाणी पांढरं स्वच्छ झालं की थांबायचं. आमच्या किटात एक थेंब म्हणजे लिटरला अर्धा मिलीग्रॅम. पोरं सगळी एका सुरात थेंब मोजतात, पाढ्यांसारखे.

मे महिन्यात आम्ही घाटाच्या खालच्या बाजूला, जिथं ओढा येऊन मिळतो तिथलं पाणी घेतलं. आठ थेंब, परत आठ थेंब, बूच, हलवलं. तपकिरी गाळ आलाच नाही. बाटलीत पांढरा गाळ. दुधात लिंबू पिळल्यावर फुटतं तसा, हळूहळू खाली बसत गेलेला पांढराशुभ्र गाळ. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच. पुढे थेंब मोजायची गरजच नव्हती. मी ती बाटली आणि वरच्या बाजूची तपकिरी बाटली शेजारी शेजारी पायरीवर ठेवली आणि पोरांना काही बोलले नाही, त्यांनीच बघितलं. ती मार्चातला प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ तिथं वाकून बसली होती. त्या दोन बाटल्यांसाठी मी या किटला पाचपैकी पाच देते. एक सावधगिरी मात्र नीट पाळा: आम्ल सल्फ्युरिक आहे आणि त्या अल्कलीच्या द्रावणात अझाइड असतं, विषारी आहे, पोरांच्या हातात देऊ नका, मी स्वतः हातमोजे आणि चष्मा घालून टाकते, आणि टेस्ट झालेलं पाणी कॅनमध्ये भरून परत आणते, नदीत ओतत नाही.

आता अ‍ॅप काढून टाकलं आणि मंडळाच्या चार गोष्टींच्या पद्धतीनं स्वतःचं एक्सेल शीट बनवलं. ते बनवताना एक गोष्ट लक्षात आली, ती कुठल्याही किटच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते. उदाहरणासाठी आकडे घेते. समजा वरच्या बाजूला चांगलं पाणी आहे, ऑक्सिजन ८९ टक्के संपृक्त (म्हणजे पाण्यात जेवढा मावतो त्याच्या ८९ टक्के), फिकल कॉलिफॉर्म शंभर मिलीला ११०, पीएच ७.६, बीओडी ३. सूत्रात प्रत्येक गोष्टीला शंभरपैकी गुण मिळतात, त्यांना तिच्या वजनानं गुणून चारही मिळवले की निर्देशांक ७४ येतो, चांगलं पाणी. समजा खाली ऑक्सिजन २८ टक्के, कॉलिफॉर्म १६००, पीएच ७.४, बीओडी १४. येतो ३६. बरोबर वाटतं, अतिवाईटमध्ये बसलं. पण ते ३६ कुठून आले बघा: ऑक्सिजनचे जेमतेम ६, जंतूंचे ५, बीओडीचे ४ आणि एकट्या पीएचचे २१. सांडपाण्याचा पीएच साधारण सातच्या आसपासच असतो, त्यामुळे नदी मरायला टेकली तरी पीएच आपले एकवीस गुण देतच राहतो. आणि मग तेच सूत्र टोकाला नेऊन बघितलं, ऑक्सिजन शून्य, बीओडी ३० च्या वर, कॉलिफॉर्म लाखाच्या पुढे, म्हणजे निव्वळ गटार, पीएच तेवढा ७.४, तरी निर्देशांक २२ येतो. म्हणजे या पद्धतीत २२ हाच तळ धरायचा. ३६ म्हणजे शंभरातले छत्तीस नव्हेत, तळापासून फक्त चौदा वर. हे कळल्यापासून मी पोरांना नुसता निर्देशांक लिहू देत नाही, शेजारी चारही गोष्टींचे वेगवेगळे गुण लिहायलाच लावते. अमेरिकेतल्या लोकांनाही ही अडचण लवकरच जाणवली होती आणि गुणांची बेरीज करण्याऐवजी गुणाकार करायची पद्धत पुढे आली, त्यात एक गोष्ट शून्याला टेकली की अख्खा आकडा खाली येतो. माझ्या मते नदीसाठी तेच जास्त खरं आहे, माशाला श्वास नसेल तर पीएच चांगला असून काय करायचं त्यानं.

बीओडी आणि कॉलिफॉर्म मात्र किटात होत नाहीत, लॅबच लागते. बीओडीला आपल्याकडे तीन दिवस २७ अंशाला बाटली ठेवतात, ते घाटावर कसं करणार. आम्ही थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून बाटल्या एसटीनं कोल्हापूरच्या एका खासगी लॅबला नेतो, त्याच दिवशी पोचल्या पाहिजेत, जंतूंच्या नमुन्याला उशीर झाला की रिझल्टला अर्थ राहत नाही. एका फेरीला दोन नमुन्यांचे हजाराच्या वर जातात म्हणून दर महिन्याला परवडत नाही, तीन महिन्यांतून एकदा करतो, आणि मधल्या महिन्यांत निर्देशांक काढतच नाही, नुसता ऑक्सिजन, पीएच, तापमान आणि टीडीएस लिहून ठेवतो. जुनी बीओडी भरून आकडा काढायचा मोह होतो, करू नका, तो मग नदीचा आकडा राहत नाही.

पेटीत जंतूंसाठी त्या काळ्या होणाऱ्या बाटल्या दिल्यात, एचटूएसच्या, म्हणजे जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूनं काळ्या पडणाऱ्या. विहिरीसाठी किंवा नळाच्या पाण्यासाठी त्या अतिशय चांगल्या, पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवायची, काळी झाली की पिऊ नका, अडाणी माणसालाही कळतं. ही टेस्ट १९८२ मध्ये आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी शोधलेली आहे, हे पोरांना सांगितलं की त्यांना भारी वाटतं. पण नदीच्या पाण्याला तिचा उपयोग कमी, कारण ती हो किंवा नाही एवढंच सांगते, आकडा देत नाही, आणि आमच्याकडच्या सगळ्याच बाटल्या काळ्या झाल्या, वरच्या पण आणि खालच्या पण. थंडीत व्हायला वेळ लागला एवढंच. नदीसाठी म्हणून त्यावर पैसे घालू नका.

टीडीएसच्या पेनाला मी वर नावं ठेवली पण एका कामाला ते फार उपयोगी पडलं, तेही सांगते. त्यावरून पाणी चांगलं का वाईट ते कळत नाही, बदल मात्र कळतो. एकाच सकाळी काठानं चालत दर दोनशे पावलांवर बुडवत गेलो आणि एका ठिकाणी रीडिंग एकदम दीडशेनं उडालं, पाणी दिसायला सारखंच होतं. तिथं जवळच झुडपात एक पाइप निघाला. कुठला ते आम्हाला माहीत नाही आणि मी पोरांना तिकडं जाऊ दिलं नाही, ग्रामपंचायतीला लेखी कळवलं आणि फोटो-तारीख-रीडिंग जोडलं. फक्त पेन महिन्यातून एकदा प्रमाणित द्रावणात बुडवून तपासा, आमचं तीन महिन्यांत चाळीसनं सरकलं होतं.

नमुना कधी आणि कुठं घ्यायचा यावर किटच्या पुस्तिकेत दोन ओळी आहेत, खरं तर दोन पानं हवी होती. आम्ही एकदा एकाच घाटावर सकाळी साडेसहाला आणि दुपारी तीनला ऑक्सिजन मोजला, सकाळी ३ आणि दुपारी साडेपाच. रात्रभर शेवाळ आणि सगळे जीव ऑक्सिजन ओढतात, दिवसा उन्हात शेवाळ परत सोडतं, त्यामुळे पहाटे सगळ्यात कमी असतो. एका महिन्यात सकाळी आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी गेलात तर नदी सुधारली असं वाटेल आणि सुधारलेलं असेल फक्त घड्याळ. तसंच बंधाऱ्याचं. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाऊस संपला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या घालतात, पाणी अडतं, शेतीला हवंच असतं, पण अडलेल्या पाण्यात वरून सांडपाणी येत राहिलं की ते तिथंच कुजतं. बरगे कधी घातले, कधी काढले, वरच्या धरणातून पाणी कधी सोडलं हे आम्ही आता प्रत्येक रीडिंगच्या शेजारी लिहितो. जूनच्या पहिल्या वळवाला तर पाणी वाढूनही ऑक्सिजन खाली आला, तळाचा आणि ओढ्यातला सगळा गाळ उठून आला होता. जुलैत मात्र पाणी लाल गढूळ, नळीतली फुली बोटभरावरच दिसेनाशी झाली, आणि ऑक्सिजन वर्षातला सगळ्यात चांगला. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यानं उलटंच सांगितलं असतं.

आणखी एक, पाण्याला दर्जा लावायचा असेल तर निर्देशांकासोबत केंद्रीय मंडळाचे वापरानुसार निकष पण भिंतीवर लावून ठेवा. आंघोळीच्या पाण्याला ऑक्सिजन लिटरला ५ मिलीग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी ३ किंवा कमी, माशांसाठी ऑक्सिजन निदान ४. हे साधे आकडे लोकांना लगेच पटतात. आमच्याकडे पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, लोक कुठून कुठून येऊन संगमावर आंघोळ करतात, त्यांना निर्देशांक ३६ सांगून काही कळणार नाही, पण आंघोळीला पाच हवा आणि आज तीन आहे म्हटलं की कळतं. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे धरले होते आणि त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. ही बीओडीवरूनच केलेली यादी आहे. मुलांना ती दाखवली तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं आपली नदी आहे का त्यात, आहे म्हटल्यावर वर्गात शांतता झाली.

तर कुणी काय घ्यावं. विहीर, बोअर, नळाचं पाणी तपासायचं असेल तर ही निळी पेटी बिनधास्त घ्या. नदीसाठी घ्यायची असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: यात ऑक्सिजनची टेस्ट आहे का. नाही म्हणाला तर ते पैसे वाचवून आधी ऑक्सिजनचं किट घ्या, एक चांगलं पीएच मीटर, साधा थर्मामीटर आणि टीडीएसचं पेन, सगळं मिळून अडीच-तीन हजारांत बसतं, आणि उरलेले लॅबसाठी ठेवा. अ‍ॅपमध्ये निर्देशांक येत असेल तर तो कशाकशावरून काढलाय ते लेखी मागा, दिलं नाही तर वापरू नका.

शाळेच्या फाटकापाशी आम्ही आता एक काळा फळा लावलाय. पावसाळ्यात त्यावर फूट लिहायचे, आता बरगे घातल्यापासून दर सोमवारी ऑक्सिजन लिहितो, खडूनं, शेजारी मागच्या सोमवारचा. दूध घालायला जाणारे दोघं-तिघं गाडी थांबवून वाचतात, परवा एकानं विचारलं, "मॅडम, चारच्या खाली गेला की सांगा, म्हशी धुवायला न्हेत न्हाई." स्टार्चचं द्रावण उन्हाळ्यात लवकर खराब होतं, निळा रंग नीट येत नाही, ते फ्रीजमध्येच ठेवा आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. आमची एक बाटली त्यात वाया गेली, नवी सव्वाशेला सुटी मिळते, अख्खं किट परत घ्यावं लागत नाही.